कळंबा गाव तलावाच्या आधीपासून आहे

तो मेसेज आधी इचलकरंजीच्या मामांकडून आला, मग शाळेच्या ग्रुपवर, मग गल्लीच्या. मजकूर थोडक्यात असा: कळंबा तलाव भूकंपात झाला. शाहू महाराजांनी तो बांधून काढला आणि कामावरच्या मजुरांसाठी काठावर गाव वसवलं. पूर्वी हे गाव ठाणे जिल्ह्यात होतं. २०२४ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या दोन हजारांच्या आत, आणि गाव आता कोल्हापूर महापालिकेत. खाली 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. मामांनी विचारलं, "हे खरं हाय काय रं? तू तिथलाच."

मामा, यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. आणि मला राग आला तो आपल्या गावाचा इतिहास दुसऱ्या गावांच्या गोष्टी जोडून तयार केलाय म्हणून.

भूकंपाची गोष्ट कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाची आहे. तिथे दगडाची खाण होती, भूकंपात ती खचली आणि पाणी भरलं, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती आख्यायिका रंकाळ्यापाशीच राहू द्या. कळंब्याचा बांध माणसांनी घातलाय. सकाळी बांधावरून एक फेरी मारली की दिसतं: एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेली जमीन, आणि पलीकडे शहर. तलाव शहरापेक्षा उंचावर आहे. पंप न लावता, नुसत्या उतारावर पाणी कोल्हापूरला पोचावं म्हणूनच ही जागा निवडली. जास्तीचं पाणी सांडव्यावरून ओढ्याला लागतं आणि पुढे तोच जयंती नाला होऊन पंचगंगेला मिळतो. पावसाळ्यात 'कळंबा भरला' ही बातमी दरवर्षी छापून येते, आणि सांडवा बघायला अख्खं शहर लोटतं.

आता शाहू महाराज. त्यांच्याविषयीचा आदर मला कुणी शिकवायची गरज नाही. पण त्यांचा जन्म १८७४ चा, दत्तकविधान १८८४ चं, आणि राज्यकारभार प्रत्यक्ष हाती आला तो २ एप्रिल १८९४ ला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा खंड १८८६ मध्ये छापला गेला आणि त्यात कळंब्याच्या पाण्याची नोंद आहे. तेव्हा महाराज बारा वर्षांचे होते. महाराजांचं खरं काम राधानगरीला आहे. ती पेठ त्यांनी १९०८ साली वसवली, लेकीचं नाव दिलं, आणि भोगावतीवर धरण हाती घेतलं. त्या जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव. 'महाराजांनी तलावाकाठी गाव वसवलं' हे वाक्य तिथे शोभतं. कुणीतरी ते उचलून कळंब्याला चिकटवलं. यात महाराजांचा मान वाढत नाही. ज्या कामासाठी त्यांनी खरोखर आयुष्य झिजवलं ते मात्र झाकलं जातं.

मग गाव कधीचं? याचं उत्तर आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत आहे. सातबाऱ्यावर गावाचं नाव नुसतं 'कळंबा' नाही. तिथे लिहिलंय: कळंबे तर्फ ठाणे, तालुका करवीर. तर्फ म्हणजे जुन्या महसुली व्यवस्थेतला गावांचा एक गट. जिल्हे-तालुके आजच्या रूपात यायच्या आधीची ही विभागणी. ज्या गावाच्या नावात तर्फ आहे, ते गाव त्या व्यवस्थेत सारा भरत होतं. तलावाच्या मजुरांच्या नव्या वस्तीला हे नाव मिळालं नसतं. तलावालाच नाव गावावरून मिळालं.

यातल्या 'ठाणे' शब्दाने मेसेज लिहिणाऱ्याची फसगत झाली. हे ठाणे म्हणजे मुंबईजवळचा जिल्हा नव्हे, ते इथल्याच तर्फेचं नाव. पन्हाळा तालुक्यात पोर्ले तर्फ ठाणे आहे. तेही कधी कोकणात नव्हतं.

लोकसंख्येचा घोळही बहुतेक इथूनच सुरू झाला असावा. करवीर तालुक्यातच दुसरं एक कळंबे आहे, कळंबे तर्फ कळे. तलावाशी त्याचा संबंध नाही. यादीत दोन्ही नावं एकाखाली एक येतात. माझ्या चुलत भावाने एकदा ऑनलाइन अर्ज भरताना घाईत कळे निवडलं आणि अर्ज परत आला. त्याला पुन्हा सगळी कागदपत्रं जोडावी लागली. आकडा शोधणाऱ्याचंही तसंच झालं असेल, पण त्याची चूक कुणी परत पाठवली नाही.

'दोन हजारांच्या आत' हे आमच्या गावाबद्दल असूच शकत नाही. २०११ च्या जनगणनेत कळंबे तर्फ ठाणे 'जनगणना शहर' आहे. त्यासाठी किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, अशा तीन कसोट्या असतात. तिसरी कसोटी मला सगळ्यात बोलकी वाटते. ज्या शिवारात माझे आजोबा ऊस लावायचे तिथे आज अपार्टमेंट आहेत, आणि सकाळी नऊला गाव शहराच्या दिशेने गाड्या काढतं.

'२०२४ ची जनगणना' झालेलीच नाही. २०२१ ची पुढे ढकलली गेली, नवीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली. म्हणजे २०२४ चा म्हणून फिरणारा आकडा अंदाज असेल, मोजणी नव्हे.

महापालिकेचं थोडक्यात: जनगणना शहर म्हणजे नगरपालिका नव्हे. तो फक्त मोजणीपुरता शिक्का आहे, कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. २०११ ला कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास मोजली गेली, त्यात आमचं गाव धरलेलं नाही. हद्दवाढीच्या याद्यांत कळंब्याचं नाव वर्षानुवर्षं येतंय, पण यादीत नाव येणं म्हणजे हद्दीत जाणं नव्हे.

मामांना मी सातबाऱ्याच्या वरच्या ओळीचा फोटो पाठवला. तासाभराने त्यांचा फोन आला. "तर्फ ठाणे," ते म्हणाले, "माझ्या आईच्या लग्नपत्रिकेवर पण असंच लिवलं होतं." ती पत्रिका अजून त्यांच्याकडे आहे का, हे बघायला मी रविवारी इचलकरंजीला जाणार आहे.