‘मॉर्फिन घेऊ देऊ नका’ या मेसेजला एका नर्सचं उत्तर

मॉर्फिन या तीव्र दुखणं कमी करणाऱ्या औषधाबद्दल कॅन्सरच्या पेशंटच्या घरांत एक मेसेज फिरतोय: ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. त्याचं व्यसन लागतं. श्वास बंद पडतो. आत्ताच घेतलं तर शेवटी लागू पडणार नाही. त्यापेक्षा सहन करा, सहनशक्ती वाढते.’ मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, काम करते. हे वाचून घरचे गोळ्या कपाटात ठेवून देतात आणि पेशंट रात्रभर कण्हतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

डॉक्टरांनी हात टेकले? मॉर्फिन दुखण्यावर ठरतं, किती दिवस उरलेत यावर नाही. केमो, रेडिएशन चालू असतानाही ते देतात. रेडिएशनने गाठ आकसून दुखणं कमी झालं की डोस उतरवतात, कधी बंदही करतात. अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या पेशंटचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) 11.6 महिने होतं, बाकीच्यांचं 8.9. हे एकट्या मॉर्फिनचं श्रेय नव्हे. पण आराम दिला म्हणजे आयुष्य तोडलं, हे काही त्यातून निघत नाही.

व्यसनाचं म्हणाल, तर शरीराला औषधाची सवय होते हे खरं. अचानक बंद केलं तर घाम, जुलाब, तगमग होते, म्हणून डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात. व्यसन वेगळं. त्यात नुकसान दिसत असूनही माणूस नशेसाठी औषधामागे धावतो. दुखण्यापुरतं, देखरेखीखाली घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये हे क्वचित होतं. आधी दारूचं किंवा दुसरं व्यसन असेल तर मात्र डॉक्टरांपासून लपवू नका.

श्वासाची भीती निराधार नाही. डोस फार झाला तर श्वास मंदावतो. म्हणूनच सुरुवात थोड्या डोसने करून तो बेताबेताने वाढवतात. मूत्रपिंडं कमजोर असतील तर औषध शरीरात साठतं, त्यामुळे तिथे डोस कमी ठेवतात किंवा औषधच बदलतात. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते, आणि आम्ही नेमकी तीच बघतो: हाक मारल्यावर डोळे उघडतात का, मिनिटाला श्वास किती. हलवूनही पेशंट नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल, तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. दारू चालणार नाही, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

‘शेवटी लागू पडणार नाही’ या समजुतीने सगळ्यात जास्त हाल होतात. पॅरासिटामॉलला दिवसाला 4 ग्रॅमची मर्यादा आहे. मॉर्फिनला तसा ठरलेला कमाल आकडा नाही. दुखणं वाढलं तर डॉक्टर डोस वाढवतात. सिसिली सॉन्डर्स मूळच्या नर्स, पुढे डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. कळ येण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे डोस द्यायचा, हा त्यांचा आग्रह. जागतिक आरोग्य संघटनेनेही 1986 मध्ये तेच सांगितलं. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला बहुतेकदा दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. एका घरी सुनेने शाळेच्या वहीत रकाने आखले होते: वेळ, गोळी, दुखणं किती. सासूबाईंना दहापैकी किती हे कळेना, तेव्हा मी विचारलं, ‘आजी, रुपयातलं किती आणे दुखतंय?’ ‘चौदा आणे गं.’ चार-पाच दिवसांत वहीत ‘चार आणे’ आलं, आणि त्या भिंतीला टेकून बसून भाकरी खायला लागल्या.

आणि सहन करा म्हणणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय, दुखण्याने सहनशक्ती वाढत नाही. दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, मग छातीत कफ साठतो. कुशीवर वळत नाही, पाठीला जखमा होतात. जेवण आणि झोप दोन्ही जातं. ‘बरं आहे’ म्हणतो, पण चादर मुठीत आवळलेली असते. तोंडापेक्षा त्या मुठीवर विश्वास ठेवा. गुडघ्यांखाली उशी, दर दोन तासांनी कूस बदलणं, ओल्या कापडाने तोंड पुसणं हे सगळं करायचंच. पण गोळीच्या जोडीला, तिच्याऐवजी नाही.

खरा त्रास त्या मेसेजमध्ये लिहिलेलाच नाही: बद्धकोष्ठता. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, ही ओसरत नाही. पहिल्या गोळीच्या दिवसापासूनच पोट साफ होण्याचं औषध लिहून घ्या.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. त्यामुळे डिस्चार्ज घेतानाच पुढच्या गोळ्या कुठून मिळतील ते विचारा. घरात त्या कुलपात ठेवा, शेजारच्या कुणाच्या पाठदुखीला देऊ नका, आणि उरल्या तर जिथून आणल्या तिथे परत करा.