सरप्राईज गिफ्ट आणि बायकोच्या डोक्याचा घेर

माझी बायको स्कीइंग करते. माझा बर्फाशी संबंध फ्रीजरपुरता. ती उतारावरून सुसाट खाली येत असते तेव्हा मी पायथ्याशी कॉफी घेऊन बॅगा राखत बसलेला असतो आणि ही वाटणी दोघांनाही मान्य आहे. घोळ होतो तो तिच्या वाढदिवसाला, कारण तो ऐन सीझनमध्ये येतो आणि मला दरवर्षी वाटतं की यंदा स्कीइंगचंच काहीतरी द्यावं, म्हणजे नवऱ्याला आपल्या आवडीचं कौतुक आहे असं तरी दिसेल.

पहिल्या वर्षी लोकरीचे मोजे दिले. चांगले जाडजूड, हातात धरले की मांजराचं पिल्लू घेतल्यासारखं वाटावं असे. बायको म्हणाली, "किती छान!" आता लग्नाला काही वर्षं झाली की "किती छान"मधले प्रकार कळायला लागतात, हा त्यातला दुसरा प्रकार होता. मोजे तिने सोफ्यावर घातले, झोपताना घातले, बर्फात काही नेले नाहीत. नंतर कळलं की स्कीच्या बुटात मोजा पातळच लागतो, बूट आधीच पायाला गच्च, त्यात जाड मोजा चुरगळला की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. कोणाला सुचणार हे? थंडी म्हटलं की जाड, एवढंच आपल्याला माहीत.

पुढच्या वर्षी म्हटलं मग बूटच देऊ. दुकानातल्या पोराने विचारलं, "मोंडो किती?" मला वाटलं कुत्र्याचं नाव विचारतोय. मोंडो म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, तेवढं मी घरचे सँडल मोजून आणलंही असतं, पण मग त्याने पंजाची रुंदी विचारली, पोटरी कशी आहे विचारलं आणि फ्लेक्स विचारला, म्हणजे बूट किती कडक हवा. त्याचे आकडे असतात, 90, 100, 110 असे, आणि एका कंपनीचा 100 दुसऱ्या कंपनीच्या 100 एवढा कडक असेलच असं नाही. मग आकडा टाकता कशाला बाबांनो! बूट नको तर नको, बाइंडिंग द्या म्हटलं, म्हणजे बूट स्कीला अडकवून ठेवतं ते, तर पडल्यावर बूट स्कीतून नेमका किती जोर आल्यावर सुटायला पाहिजे ते म्हणे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस कसा स्की करतो हे सगळं बघून टेक्निशियन सेट करतो. लग्न ठरताना एवढी चौकशी कोणी केली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "सर, तुम्ही मॅडमनाच घेऊन या ना." झालं सरप्राईज.

गॉगल बघितले, तर ढगाळ हवेला पिवळी-गुलाबी काच, कडक उन्हाला गडद काच, आणि वाढदिवसाला ऊन असणार की ढग हे मी कुठून सांगू?

मग हेल्मेट. हेल्मेटला फक्त डोक्याचा घेर लागतो, भुवयांच्या जरा वरून टेप फिरवायची, बस. रात्री ती गाढ झोपल्यावर टेप घेऊन निघालो तर अंधारात पहिले तिच्या बुटांना अडखळलो. हे बूट सीझनभर आमच्या बेडरूममध्ये हीटरपासून बेताच्या अंतरावर उभे असतात, आत ओले असतात आणि त्यांचा वास, कसं सांगू, ओलं कुत्रं जिममध्ये कोंडल्यासारखा येतो. श्वास धरून टेप डोक्याभोवती फिरवली.

"काय करतोयस?"

"काही नाही. झोप."

"टेप आहे ना हातात?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. आमच्याकडे विषय असे मिटतात.

घेर भरला 62. हेल्मेट आलं, तिने घातलं, मान हलवली, हेल्मेट जागच्या जागी राहिलं. अंबाड्यासकट मोजलं होतं मी. आणि सैल हेल्मेट काय कामाचं, परत गेलं.

या सगळ्यात मला हेवा वाटतो तो शर्मन पॉपेन या अमेरिकन माणसाचा. 1965च्या नाताळात त्याने पोरींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी शेजारी जोडून फळी करून दिली, बायकोने तिला स्नर्फर असं नाव दिलं, त्यातूनच पुढे स्नोबोर्ड आला आणि 1998ला तो नागानोच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. दोन स्की, एक दिवस, काम फत्ते! त्याला मोंडो विचारायला कोणी नव्हतं.

यंदा मी बूट ड्रायर दिला. दोन नळ्या असतात, त्यावर बूट उलटे अडकवायचे, रात्रभर कोमट हवा आत फिरते. माप नाही, घेर नाही, पोटरी नाही. बायको चक्क एक मिनिट काही बोललीच नाही, आणि मग म्हणाली, "ओल्या बुटात सकाळी पाय घालताना मला किती त्रास होतो हे तुझ्या लक्षात आलं होतं?"

मी खोल श्वास घेतला. बेडरूममध्ये, कित्येक महिन्यांनी. "म्हणजे काय," म्हटलं.