‘काडी लावल्याशिवाय पेटत नाही’? स्विमिंग पूलच्या क्लोरीनविषयी

पाऊस ओसरला, गोव्यातल्या कळंगुट-कांदोळीतले स्विमिंग पूल पुन्हा भरू लागले की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर फिरतो: ‘क्लोरीन पावडर जळत नाही. काडी लावल्याशिवाय आग लागणं अशक्य. पावडर काय, गोळ्या काय, सगळं क्लोरीनच. पेटलंच तर आग विझवायचा लाल सिलिंडर मारा.’

पहिलं वाक्य खरं आहे, आणि तेच फसवतं. ही पावडर म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट; ते स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतं. ते ऑक्सिडायझर आहे, ऑक्सिजन स्वतःजवळ बाळगतं. ड्रमवर वर्तुळावरची ज्वाळा छापतात ती त्यामुळेच.

काडीची गरजच नाही. तेल, ग्रीस, रंग, लाकडाचा भुसा असं काही पावडरीत मिसळलं की अभिक्रिया सुरू होते. तिच्यातून उष्णता निघते, उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो. ही उष्णता बाहेर पडू शकली नाही की ज्वाळा उठते, कधी काही क्षणांत, कधी बऱ्याच वेळाने, खोलीत कुणी नसताना. मोठा साठा नुसता तापत राहिला तरी स्वतःहून विघटन पावतो; जहाजांवर अशा आगी लागल्या आहेत. आणि आपल्याकडे हा ड्रम कुठे असतो? जिन्याखालच्या पंप रूममध्ये, जनरेटरच्या डिझेलशेजारी, वर संडास धुण्याचं अ‍ॅसिड. ते अ‍ॅसिड सांडलं तर विषारी क्लोरीन वायू वेगळाच.

‘सगळं क्लोरीनच’ हे तर साफ चूक. गोळ्या बहुधा ट्रायक्लोर या वेगळ्या क्लोरीन-रसायनाच्या असतात. ट्रायक्लोर आणि हायपोक्लोराइट एकत्र आले, त्यात ओल असली, तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. दोन्हींना एकच मग वापरू नका.

थोडं पाणीही घात करतं. २९ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या कॉन्यर्स इथे बायोलॅबच्या कारखान्यात स्प्रिंकलरचं पाणी पूल-रसायनांवर पडलं आणि सुमारे १७,००० लोकांना घरं सोडावी लागली.

सगळ्यात घातक सल्ला लाल सिलिंडरचा. बहुतेक ठिकाणी टांगलेल्या एबीसी सिलिंडरमध्ये अमोनियम फॉस्फेटची पावडर असते. अमोनियम आणि हायपोक्लोराइट मिळून नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा स्फोटक पदार्थ बनू शकतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर किंवा ओलं पोतंही निरुपयोगी, कारण बाहेरची हवा तोडून ही आग गुदमरत नाही. तिला दुरून भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं. तुम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला निघा, पाहुण्यांना बाहेर काढा, १०१ किंवा ११२ लावा आणि ड्रममध्ये नेमकं काय आहे ते फोनवरच सांगा.