कोल्हापुरी, प्राडा आणि जीआय : फिरत्या मेसेजमधल्या पाच चुका

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखंच पायताण दाखवलं आणि त्याला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : कोल्हापुरीचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, हे पेटंटच, त्यामुळे जगात कुणालाच तिची नक्कल करता येत नाही, प्राडाने ती सव्वा लाखाला विकली, उच्च न्यायालयाने प्राडाला क्लीन चिट दिली, आणि मुळात अर्धा हक्क कर्नाटकाला देऊन आपणच घालवला. यामागचा राग रास्त आहे. मजकूर मात्र पाचही ठिकाणी चुकलाय, आणि तो खरा मानून चालणाऱ्या कारागिराचं त्यात नुकसान आहे.

'जीआय म्हणजे पेटंट.' नाही. पेटंट नव्या शोधाला मिळतं, वीस वर्षांसाठी, आणि ते शोधकाचं असतं. डिझाइनची नोंदणीही नव्या रूपालाच होते. पिढ्यान्‌पिढ्या बाजारात असलेला आकार त्यात बसतच नाही. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा तिसरीच गोष्ट राखतो : ठरावीक प्रदेशात, ठरावीक पद्धतीने बनलेल्या मालाचं नाव आणि त्या नावाची पत. दर दहा वर्षांनी नूतनीकरण केलं तर हे संरक्षण कितीही काळ चालतं, आणि ते एकट्या-दुकट्याला विकता येत नाही, ही त्याची मोठी ताकद. पण चपलेचे कान, अंगठा, वेणी, तळव्याची ठेवण यांवर जीआयची मालकी नसते. कुणी तसा आकार काढला आणि 'कोल्हापुरी' म्हटलंच नाही, तर कलम २२ खाली उल्लंघन सिद्ध करणं अवघड जातं. त्या कलमात नावाबरोबर मालाच्या 'मांडणी'चाही उल्लेख आहे, त्यामुळे युक्तिवादाला थोडी जागा उरते. मात्र त्या मांडणीमुळे माल कुठला आहे याबद्दल गिऱ्हाइकाची दिशाभूल होते, हे दाखवावं लागतं.

'जगात कुणालाच' हे तर त्याहून चुकीचं. चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयातली नोंद भारताच्या हद्दीपुरतीच चालते. बाहेर संरक्षण हवं तर तिथे वेगळा अर्ज लागतो. दार्जिलिंग चहाने तो केला आणि २०११ मध्ये युरोपीय संघात नोंद मिळवली. चपलेला ती वाट तेव्हा नव्हती, कारण युरोपची ती व्यवस्था शेतमाल आणि खाद्यपेयांसाठी होती. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीचा युरोपीय नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. म्हणजे मिलानमध्ये ते पायताण रॅम्पवर आलं, तेव्हा युरोपभर चालेल अशी नोंद करायला चपलेसाठी खिडकीच उघडलेली नव्हती. आता ती उघडी आहे.

किमतीचं लवकर आटपतं. जूनमध्ये विक्रीच सुरू नव्हती. डिझाइन अजून प्राथमिक टप्प्यावर आहे, असं प्राडाने महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आणि प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचंही त्यात मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम (महाराष्ट्र) आणि लिडकर (कर्नाटक) या चर्मोद्योगाच्या दोन सरकारी महामंडळांशी प्राडाचा करार झाला : भारतात बनवलेले २,००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे साधारण ८४ हजार रुपये. एवढा दबाव लोकांच्या ओरड्यामुळेच आला, हे कबूल करायला हवं. कारागिराच्या हातात त्यातले किती पडतात, हा प्रश्न आता लावून धरायचा.

'क्लीन चिट' हा शब्द मात्र साफ खोटा. मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ ला जनहित याचिका फेटाळली, ती याचिकाकर्ते जीआयचे नोंदणीकृत मालक किंवा अधिकृत वापरकर्ते (जीआयच्या नोंदवहीत नाव असलेले उत्पादक) नव्हते म्हणून. प्राडाने उल्लंघन केलं की नाही, यावर निकालच नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांनी दिवाणी दावा करावा, असा त्याचा अर्थ. दाद मागण्याचा हक्क कलम २१ ने दोघांनाच दिलाय : नोंदणीकृत मालक, म्हणजे इथे लिडकॉम आणि लिडकर, आणि अधिकृत वापरकर्ता. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही.

राहिलं कर्नाटक. जीआयमध्ये आठ जिल्हे आहेत : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ही कुणी दिलेली भेट नव्हे. माल जिथे बनतो तो प्रदेश कायदा विचारतो, आणि अथणी-निपाणीकडच्या कारागिरांचे हात या चपलेत कोल्हापूरइतकेच जुने आहेत. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून ती टांगायची, मग त्या कमावलेल्या चामड्याचे थर खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवायचे, ही रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे. त्यांना वगळलं असतं तर अर्ज आक्षेपांतच अडकला असता.

खरा तोटा तर आपल्याच बाजारात होतोय. रेक्झिनची, चिकटवलेली, या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून सर्रास विकली जाते. इथे नाव सरळसरळ वापरलेलं असतं, त्यामुळे कायदा पूर्ण ताकदीने लागू होतो : कलम ३९ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घेताना टाचेची कड बघा. अस्सल चपलेत चामड्याचे थर आणि वादीचे टाके दिसतात. न रंगवलेल्या तळव्यावर पाण्याचा थेंब टाका. साल-हिरड्याने कमावलेलं चामडं तो पिऊन गडद होतं, रेक्झिनवरून थेंब ओघळून जातो. लिडकॉमचा क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा, त्यात कारागिराची माहिती येते.

आणि जो स्वतः चपला बनवतो त्याने अधिकृत वापरकर्ता होण्यासाठी फॉर्म जीआय-३ भरावा. सोबत आपण या प्रदेशात हाच माल बनवतो याचे पुरावे, शपथपत्र आणि नोंदणीकृत मालकाला अर्जाची प्रत दिल्याची नोंद लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर फी नाममात्र आहे. अर्ज नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला जातो, आक्षेपाची मुदत संपली की नाव नोंदवहीच्या 'भाग ब'मध्ये चढतं. एकदा चढलं की बनावट माल विकणाऱ्यावर दावा लावायला महामंडळाची वाट पाहावी लागत नाही.