मनूच्या हातातला मासा आणि नोहाचे तारू

शतपथ ब्राह्मण या वैदिक यज्ञग्रंथातील मनूची कथा हात धुण्याच्या पाण्यापासून सुरू होते. सकाळची वेळ आहे, मनूसाठी हात धुण्याचे पाणी आणून ठेवले आहे, आणि हात धुता धुता एक लहानसा मासा त्याच्या हातात येतो. मासा म्हणतो, ‘बिभृहि मा, पारयिष्यामि त्वा’, म्हणजे माझे पोषण कर, मी तुला पार नेईन. कशातून पार नेशील, असे मनू विचारतो, तेव्हा सगळ्या प्रजेला वाहून नेणारा पूर येणार असल्याचे मासा त्याला सांगतो. आम्ही लहान असतो तोवर आम्हाला फार भय असते, कारण मासाच माशाला गिळतो, म्हणून आधी मला घड्यात ठेव, घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव, आणि खड्डाही पुरेनासा झाला की समुद्रात सोड, अशी त्याची मागणी आहे. घडा, खड्डा आणि समुद्र ही चढती मापे ज्याने सांगितली, त्याने घरी एखादे पिल्लू हातावर वाढवलेले असावे, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

गेल्या काही महिन्यांत हीच कथा माझ्याकडे दोन दिशांनी चालून आली. एका नातेवाइकांनी पाठवलेल्या मजकुरात मनू म्हणजेच बायबलमधल्या प्रलयकथेतला नोहा, आणि म्हणून जगातील सर्व धर्मांचे मूळ आपल्याकडेच, असे ठामपणे लिहिले होते. पुढच्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कळवले की प्रलयाच्या साऱ्या कथा बाबिलोनवरून उचललेल्या आहेत, तेव्हा धर्मग्रंथ वाचण्यात आता काय अर्थ उरला. दोघेही माझ्या जवळचे आहेत. दोघांशी मी सविस्तर बोलले, आणि तेव्हा लक्षात आले की दोघांनीही यांतली एकही कथा मुळातून वाचलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की आपले आणि इतरांचे धर्मग्रंथ जगातील प्राचीन पुराणकथांच्या शेजारी ठेवून जरूर वाचावेत, पण साम्य सापडले की वाचन थांबवू नये. सारख्या दिसणाऱ्या गोष्टीत प्रत्येक ग्रंथाने काय ठेवले, काय गाळले आणि काय बदलले, तिथेच त्या ग्रंथाला आपल्याशी जे बोलायचे असते ते सापडते.

ही सवय मला लहानपणी लागली. भायखळ्याच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, मावशी राहत असत. मूळच्या अलिबागकडच्या, मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत. एलियाहू हन्नबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा केला की भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळांच्या फोडी यांचे ताट आमच्याकडे हमखास येई. त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांच्या समाजाची परंपरागत कथा त्या आम्हा मुलांना सांगत, आणि तिला लागूनच नोहाच्या तारवाची गोष्ट सांगत. तारू हा मराठी बायबलमधला शब्द मी त्यांच्याच तोंडून शिकले. आजीच्या पोथीतला मत्स्यावतार डोक्यात असल्यामुळे मी त्यांना एकदा विचारले की तुमच्या नोहाला मासा कुठे भेटला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या नोहाला मासा नव्हता गं, त्याला देवाने मापे सांगितली.’ पुढे बायबलमधले उत्पत्तीचे पुस्तक वाचले तेव्हा पटले की मावशींचे उत्तर अक्षरशः खरे होते. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, गोफेर लाकडाचे, आतून-बाहेरून डांबर लावलेले, असे ते तारू आहे. मनूची नाव केवढी होती, याबद्दल शतपथात एक शब्दही नाही.

बाबिलोनकडची कथा जगाला पुन्हा कळली ती ३ डिसेंबर १८७२ रोजी. नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकलेल्या आणि स्वतःच्या हिकमतीवर कीलाक्षर ही बाबिलोनकडची प्राचीन लिपी वाचायला शिकलेल्या जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधील मातीच्या पाट्यांवर सापडलेली प्रलयकथा त्या दिवशी लंडनमध्ये वाचून दाखवली. पाट्या निनवे येथील असुरबनिपाल या अ‍ॅसिरियन राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या होत्या. आपल्या शहराचाही या हकिकतीला बारीकसा स्पर्श आहे. १८४० च्या दशकात निमरूद या अ‍ॅसिरियन नगरातून काढलेली शिल्पे बसऱ्याहून आधी मुंबई बंदरात आली आणि मग लंडनला गेली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अ‍ॅसिरियन राजवाड्यांतले शिल्पपट आजही पाहायला मिळतात. मी त्यांच्यासमोर अनेकदा जाऊन उभी राहते.

गिल्गमेश या बाबिलोनी महाकाव्याच्या अकराव्या पाटीवरील या कथेत आणि बायबलमध्ये जवळचे नाते आहे, हे मान्य करण्यात कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागू नये. नाव डोंगराला लागल्यावर तिथला प्रलयातून वाचलेला उत्नपिश्तिम आधी कबुतर, मग पाकोळी आणि शेवटी कावळा सोडतो. नोहा आधी कावळा सोडतो आणि मग कबुतर. दोघेही बाहेर पडून यज्ञ करतात, आणि दोन्हीकडे त्याचा सुवास वर पोहोचतो. पण पुढे काय होते ते पाहावे. बाबिलोनी कथेत भुकेले देव यज्ञ करणाऱ्याभोवती माश्यांसारखे गोळा होतात. उत्पत्तीत एकटा देव मनाशी ठरवतो की यापुढे मानवापायी भूमीला शाप देणार नाही, आणि करार करून ढगात धनुष्य ठेवतो. गिल्गमेशहून जुन्या अत्रहसिस या बाबिलोनी काव्यात प्रलयाचे कारण आहे माणसांचा गोंगाट: माणसे इतकी वाढली की एन्लिल देवाला झोप लागेना. उत्पत्तीत कारण आहे पृथ्वीवर माजलेला जुलूम. आणि शतपथात कारणच दिलेले नाही. कोणी पाप केले म्हणून पूर आला असे तिथे म्हटलेले नाही. पूर येणार आहे, आणि ज्याने लहान जीव सांभाळला तो तरणार आहे, एवढेच आहे. शेजारी दुसऱ्या दोन कथा नसत्या तर हे मौन माझ्या कधीच ध्यानात आले नसते.

आपल्याच परंपरेत ही कथा पुढे कशी बदलत गेली तेही याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. शतपथात मनू एकटा वाचतो, आणि पाण्यात तूप, दही यांची आहुती दिल्यावर वर्षभराने त्यातून इडा प्रकट होते, तिच्याद्वारे प्रजा निर्माण होते. ब्राह्मणग्रंथाला सांगायचे आहे ते यज्ञातील इडेचे, म्हणजे त्याच नावाच्या हविर्भागाचे, महत्त्व. महाभारताच्या वनपर्वात नावेत सप्तर्षी येतात, सर्व बीजे येतात, आणि मासा आपण ब्रह्मा असल्याचे सांगतो. भागवतात तो विष्णू आहे, मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत आहे, आणि हात धुण्याच्या पाण्याऐवजी कृतमाला नदीतले तर्पणाचे पाणी आहे. ऋग्वेदात ही प्रलयकथा नाही. तेव्हा ‘आपली कथा’ म्हणताना यांतली कोणती, हा प्रश्न स्वतःला आधी विचारायला हवा. मनू आणि नोहा या नावांचे म्हणाल तर त्यांचा संबंध नाही. मनू हा शब्द ‘मन्’ धातूशी जोडला जातो, नोहाचे हिब्रू नाव विसाव्याच्या अर्थाशी. जर्मन टोळ्यांचा आद्यपुरुष म्हणून टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवलेला मानुस हा मनूला कितीतरी जवळचा आहे.

शेजारी ठेवून वाचण्याची ही पद्धत परकी आहे, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. लोकमान्य टिळकांनी वेद आणि पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता जोडीने वाचले, आणि १९१७ साली निघालेल्या भांडारकर गौरवग्रंथात खाल्डियन, म्हणजे बाबिलोनी, वेद व भारतीय वेद यांच्यावर लेख लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील सर्पविष उतरवण्याच्या सूक्तात तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला असे शब्द येतात, ज्यांचा अर्थ लावताना भाष्यकार अडखळतात. टिळकांनी तैमात हा शब्द बाबिलोनी सृष्टिकथेतील आदिसागर तिआमत हिच्याशी जोडला. या जोडणीवर अभ्यासकांचे एकमत नाही, पण वेदांवर निस्सीम श्रद्धा असलेल्या माणसाने वेदात परकीय शब्द असू शकतात असे निर्भयपणे लिहावे, हे मला फार मोठे वाटते. १९०३ च्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये त्यांनी अवेस्तातील वेंदिदाद या भागातल्या यिमाच्या ‘वर’ची कथा पुराव्यादाखल घेतली. तिथे अहुरमज्द हा देव यिमाला प्रलयंकर हिवाळ्याची सूचना देतो, आणि तो एक बंदिस्त वाडा बांधतो, जिथे एक वर्ष एका दिवसासारखे वाटते. टिळकांनी त्यावरून उत्तर ध्रुवाजवळच्या मूलस्थानाचे अनुमान काढले. ते आज स्वीकारले जात नाही, आणि मलाही पटत नाही. मला त्या कथेत दुसरेच काही अस्वस्थ करते. यिमाने आत न्यायचे ते सर्वोत्तम स्त्रीपुरुषांचे बीज. कुबड असलेला, कोड असलेला तिथे नको. नोहाच्या तारवात अशुद्ध मानलेल्या प्राण्यांनाही जागा आहे. यिमा विवंघ्वंताचा पुत्र, आपले यम आणि मनू दोघेही विवस्वानाचे पुत्र. इतके जवळचे घराणे असूनही कोणाला वाचवायचे, याचे उत्तर दर घरी वेगळे आहे.

पहिल्या नगरांच्या कथा तर मला प्रलयापेक्षाही महत्त्वाच्या वाटतात, आणि त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सुमेरी राजावलीत, म्हणजे बाबिलोनपूर्वीच्या सुमेर देशातल्या राजांच्या यादीत, राजपद स्वर्गातून उतरते आणि एरिदू नगरात येते. प्रलयापूर्वी पाच नगरांत आठ राजे मिळून २,४१,२०० वर्षे राज्य करतात. नगर म्हणजे देवांनी दिलेली वस्तू. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात पहिले नगर बांधतो तो काइन, भावाचा खून केलेला. विष्णुपुराणात पृथूपूर्वी गावे नाहीत, नगरे नाहीत, शेती नाही, व्यापार नाही. आणि हा पृथू जन्मतो तो ऋषींनी मारलेल्या जुलमी वेन राजाचा उजवा हात घुसळल्यावर. पुढे पृथू धनुष्य घेऊन गायरूपी पृथ्वीच्या मागे धावतो, आणि ती अभय मागून दूध द्यायला तयार होते. एका परंपरेत नगर ही देणगी, दुसरीत अपराध्याचा आसरा, तिसरीत अन्यायी राजाच्या वधानंतरची घडी. आपण ज्या शहरात राहतो त्याकडे पाहताना या तिन्ही कथा मला रोज खऱ्या वाटतात.

आकड्यांच्या मागे लागणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. बाबिलोनी पुजारी बेरोसस याने ग्रीक भाषेत दिलेल्या हिशेबात प्रलयापूर्वीचे दहा राजे १२० सारोस राज्य करतात, आणि एक सारोस ३,६०० वर्षांचा, म्हणजे ४,३२,०००. कलियुगाची वर्षे तितकीच. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी थक्क झाले होते. परंतु जुन्या सुमेरी राजावलीत हा आकडा नाही, आणि ६० व ३६० यांच्या पटीत मोजणाऱ्या कोणालाही तो सहज सुचण्यासारखा आहे. एवढ्यावरून कोणी कोणाचे गुरुत्व सांगू नये.

मग हे घडले होते का, असे विद्यार्थी विचारतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. आईने आधी देव्हाऱ्यातल्या पोथ्या माळ्यावर टाकल्या, मग तांदळाचा डबा. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली, आणि आमच्या रेघेची उंची शेजारच्या इमारतीतल्या रेघेशी जुळत नव्हती. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना १९२९ मध्ये उर या सुमेरी नगरात गाळाचा जाड थर सापडला आणि प्रलय सापडल्याची बातमी झाली. शुरुप्पक या दुसऱ्या सुमेरी नगरातही थर मिळाला, पण तो इसवी सनापूर्वी २९०० च्या आसपासचा, आणि उरचा त्याच्या कितीतरी आधीचा. पूर अनेक आले, आणि माणसांनी त्यांची कथा एक केली. आपल्याच प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात एकोणिसाव्या शतकात चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे सापडले, काही मुळांसकट उभे. कधी काळी तिथे कोरडी जमीन होती आणि ती खचून समुद्राखाली गेली. समुद्राने गिळलेल्या भूमीच्या कथा कोकणात उगीच रुजल्या नाहीत, असे मी म्हणेन. अमुक कथा म्हणजे अमुक बुंधा, असे मात्र म्हणणार नाही.

त्या विद्यार्थ्याला मी तीन उतारे पाठवले: शतपथाच्या पहिल्या कांडातील मनूची कथा, उत्पत्तीचे सहा ते नऊ अध्याय, आणि गिल्गमेशची अकरावी पाटी. तिन्ही एका बैठकीत होतात. चार दिवसांनी त्याचा फोन आला, आणि त्याने विचारले की बाई, मनूच्या कथेत पक्षी का नाहीत. मी पुस्तक काढले आणि आम्ही फोनवरच तो भाग पुन्हा वाचला. नोहाला आत बसून कळत नाही की बाहेर पाणी किती उरले आहे, म्हणून तो पक्षी सोडून पाहतो, आणि देव बाहेर ये म्हणेपर्यंत थांबतो. मनूला मासा उत्तरेच्या डोंगरावर आणून सोडतो आणि सांगतो: नाव झाडाला बांध, पण डोंगरावर असताना पाण्याने तुला तोडू नये, म्हणून पाणी जसजसे उतरेल तसतसा तूही उतर. तो तसाच उतरत गेला, आणि त्या उताराला ‘मनोरवसर्पण’ म्हणतात.