दोन वर्षांत बांबूचं पीठ : दोष बांबूचा की तोडणाऱ्याचा?

शहाद्याच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीपुढे विषय निघाला तो आबांच्या गोठ्यावरून. शेडला लोखंडी पाईप घ्यावा की बांबू, एवढाच प्रश्न होता. जिभाऊंचं फॅब्रिकेशनचं काम, त्यांनी लगेच निकाल देऊन टाकला. "पाईपच घ्या. बांबूच्या शेडखाली बसाल तर दोन वर्षांत अंगावर पिवळं पीठ गळायला लागेल. रात्री कान देऊन ऐका, कुरकुर ऐकू येते. त्याले आयुष्यच नई शे."

बापू बुरूडकाम करणारे. ते म्हणाले, "पीठ गळतं ते भुंग्यामुळे, आणि भुंगा येतो तो आतल्या पिष्टासाठी, म्हणजे स्टार्चसाठी. कोवळा बांबू, ऐन उन्हाळ्यात तोडलेला, ओल्याचा ओला छताला बांधायचा आणि मग म्हणायचं बांबू वाईट. हा कुठला न्याय?"

"मग कधी तोडायचा? अमावास्येला?" आबांनी विचारलं. त्यांच्याकडे हा रिवाज आजही पाळतात.

नानांची सारी नोकरी जंगलात झाली. ते म्हणाले, "चंद्राचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा, पण आधी हंगाम सांभाळा. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब फुटतात, त्यांना पोसण्यात जुन्या बांबूंमधला साठा उतरतो. पाऊस सरल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंत तोडा, पिष्ट कमी सापडेल. चैत्र-वैशाखात बेटाने पुढच्या कोंबांसाठी साठा भरून ठेवलेला असतो. तेव्हा तोडला की भुंग्याला आयती मेजवानी. शंका असेल तर ताज्या कापावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काळं-निळं पडलं तर पिष्ट भरपूर आहे."

जिभाऊ ऐकणारे नव्हते. "हंगाम बरोबर साधला तरी मोळीत अर्धे बांबू किडतातच की."

"कारण मोळीत वय मिसळलेलं असतं," बापू म्हणाले.

खरा वाद इथे पेटला, कारण वयाची गोष्ट दिसते त्यापेक्षा वाकडी आहे. बांबूची जाडी काही दरवर्षी वाढत नाही. कोंब जेवढा जाड वर आला तेवढाच तो राहतो, उंचीही पहिल्याच हंगामात पूर्ण होते. पुढची दोन-तीन वर्षं तो फक्त आतून घट्ट होत जातो. त्यामुळे जाड आहे म्हणजे जून, पक्का आहे, हा हिशेब इथे चालत नाही. पहिल्या वर्षाच्या बांबूवर खोडाची आवरणं चिकटलेली असतात, पेरांवर पांढरी भुकटी असते, रंग तुकतुकीत हिरवा. तीन-चार वर्षांच्या बांबूचा तुकतुकीतपणा गेलेला असतो, अंगावर करडे-पांढरे डाग चढलेले असतात. कोयत्याच्या मुठीने ठोकला तर खणखणतो, कोवळा भदभदतो.

"आणि हे बघा," नाना म्हणाले, "बेटात नवे कोंब बाहेरच्या कडेला येतात, जून बांबू मधोमध अडकलेला असतो. आपल्याकडचा मानवेल बांबू म्हणजे दाट बेट, काटस जात असेल तर वरून काटेही. तोडणारा आत शिरत नाही, कडेचे सोपे सोपे कापून मोकळा होतो. म्हणजे नेमका कोवळा माल बाजारात येतो आणि जून बेटात सडतो. बेट एका बाजूने घोड्याच्या नालेसारखं उघडायचं, आत वाट करायची आणि मधले जून काढायचे. कडेचे नवे ठेवायचे, त्यांना आधार म्हणून काही जुनेही राखायचे. कापही जमिनीजवळच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर घ्यायचा. पेराच्या मध्ये कापला तर खाली वाटी तयार होते, तिच्यात पाणी साचतं आणि कुज मुळाकडे उतरते."

आबांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. "म्हणजे कोवळा बांबू टाकाऊच म्हणायचा?"

"आसं नई शे, आबा!" बापूंना हे लागलं. "कोवळा नसेल तर माझा धंदा बंद. सूप, टोपली, डालकं विणायला एक-दोन वर्षांचा, लांब पेराचा, हिरवाच बांबू लागतो. जून बांबूची पट्टी वळवली की कडकन मोडते. शेडला जून, शिडीला जून, केळीच्या टेकूला जून. विणायला कोवळा. मोळी बांधणारा हे वेगळं करत नाही, घेणारा विचारत नाही, सगळी गोम तिथे आहे."

यानंतर बापूंनी सूप कसं होतं ते सांगितलं, आणि ते ऐकण्यासारखं होतं. बांबू आधी दोन भागांत, मग प्रत्येक भाग पुन्हा दोन भागांत, असा निम्म्याने निम्म्याने चिरत जायचा. एका बाजूने पातळ काप काढायला गेलं की चीर पातळ बाजूकडे पळते आणि पट्टी अर्ध्यात तुटते. तशी ती पळू लागली तर जाड बाजू जास्त वाकवून ओढायची, चीर परत मध्यावर येते. गाठीपाशी कोयत्याला हलका ठोका, एरवी हाताचा नुसता दाब. मग पट्टीचे थर सोडवायचे. पाठीची, म्हणजे सालीकडची पट्टी चिवट असते, ती झिजेच्या जागी आणि काठाला. पोटाकडची ठिसूळ असते, ती जिथे भार कमी तिथे, नाहीतर चुलीत. सुपाची पट्टी मिलिमीटरभर जाड किंवा त्याहून पातळ हवी. शेजारच्या पट्ट्यांच्या गाठी एका रेषेत आल्या तर सूप तिथेच दुमडतं, म्हणून गाठी मागेपुढे सरकवून घ्यायच्या. दोन उचल, दोन दाब अशी तिरकी वीण धरायची, मागचे दोन कोपरे वळवून उभे करायचे, आणि वळण गाठीवर कधीच येऊ द्यायचं नाही.

"विणताना पट्टी ओलसर लागते, पण वाळली की ती आकसते," बापू पुढे म्हणाले. "म्हणून विणलं आणि लगेच काठ बांधला, असं करू नये. एक-दोन दिवस सावलीत ठेवायचं, सैल पडलेल्या ओळी ठोकून घट्ट करायच्या, कमी पडली तर एखादी पट्टी वाढवायची, मगच काठ. बाजारातलं डालकं महिन्यात खिळखिळं का होतं, ते आता ध्यानात आलं?"

प्लास्टिकचं सूप स्वस्त पडतं, हे जिभाऊंनी काढलंच. त्यावर आबाच बोलले : प्लास्टिकवर ज्वारी घसरते, भुशाबरोबर दाणाही पुढे येतो. विणीच्या खरखरीत अंगावर दाणा मागे थांबतो आणि कोंडा तोंडाकडे सरकतो. वर कागद-मेथीच्या लगद्याने लिंपलं की बारीक धान्यही गळत नाही, वीणही टिकते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईच्या टोपलीत गहू पेरतात, तीही बांबूचीच लागते. सातपुड्यात काठी गावच्या राजवाडी होळीचा उंच दांडाही बांबूचाच. पण यावर कोणाचा वाद नव्हता, म्हणून गाडी पुन्हा गोठ्यावर आली.

जिभाऊंचा पुढचा आक्षेप वजनदार होता. "समजा, जून बांबू, हंगामात तोडला. तरी वैशाखात तो उभा चिरतोच. मी स्वतः पाहिलेलं सांगतोय."

ते खरं आहे. खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो. ओला गोल बांबू अशा उन्हात टाकला की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो, आणि फट पडते. बांबू उभ्या दिशेने चिरायला मुळातच सोपा. म्हणून तोडल्यावर पानाफांद्यांसकट दोन-तीन आठवडे बेटालाच टेकवून उभा ठेवावा, पानं उरलेला रस ओढून घेतात. नंतर सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये हवा खेळेल असा रचून दोन-तीन महिने वाळवावा. नदीच्या किंवा कालव्याच्या वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवला तर पिष्ट बरंच धुऊन निघतं. साचलेल्या डबक्यात मात्र वास मारतो, डागही पडतात. चुलीवरच्या धुरात वर्षानुवर्षं टांगलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, हे जुन्या घरांत कोणीही पाहावं.

"आणि खिळा मारू नका," नाना म्हणाले. "खिळ्याने चिरतो, मग दोष बांबूच्या नावावर. आधी ड्रिल, मग बोल्ट, तोही गाठीपासून दोन-तीन इंचांच्या आत. पोकळ पेरात बोल्ट आवळला की भिंत चेपते, म्हणून जोडाचं पेर सिमेंट-वाळूने भरून घ्यायचं."

खांबाच्या बाबतीत जिभाऊ जिंकले, आणि बापूंनीही ते मानलं. प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत पुरला तर एक ते तीन वर्षांत भुईच्या रेषेवर कुजतो, वाळवीही तिथूनच शिरते. ओल्या बांबूच्या टोकाला डांबर फासणं तर आणखी वाईट, ओल आत कोंडली जाते. म्हणून खाली फूटभर उंच काँक्रीटचा चौथरा, त्यात लोखंडी पट्टी, पट्टीला बोल्टने बांबू, आणि पाण्याचा फटकारा लागू नये म्हणून छपराच्या वळचणी लांब. लोखंड खाली, बांबू वर.

"औषधाचं सांगा," आबा म्हणाले.

नानांनी टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवलं. बोरिक ॲसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, आणि पाण्यात एकूण पाच टक्के. म्हणजे १०० लिटरला २ किलो बोरिक, ३ किलो बोरॅक्स. थंड पाण्यात लवकर विरघळत नाही, आधी थोड्या गरम पाण्यात घोळवून मग टाकीत ओतायचं. टाकी बांधायची गरज नाही : ११ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून त्यात शेततळ्याचा प्लास्टिक कागद अंथरायचा. दहा-दहा फुटांचे तुकडे रचले की निम्मी जागा बांबूच घेतो, पाणी लागतं ५०० लिटरच्या आत. म्हणजे १० किलो बोरिक आणि १५ किलो बोरॅक्स. बांबूच्या पाठीतून औषध शिरत नाही, म्हणून लांब सळईने गाठींचे आतले पडदे फोडायचे, नाहीतर प्रत्येक पेराला बारीक भोक पाडायचं. वर दगड ठेवून आठ-दहा दिवस पूर्ण बुडवायचं. चिरलेल्या कामट्यांना दोन-तीन दिवस पुरतात. मग सावलीत वाळवायचं.

"पावसात धुऊन जातं ना ते?" जिभाऊंनी नेमकं विचारलं.

"जातं. म्हणून हे छपराखालच्या कामाला. केळीचा टेकू उघड्यावर, मातीत असतो, त्याला या बोरॉनच्या औषधाचा उपयोग थोडा. टेकूला जून मानवेल घ्या, खालचा भरीव भाग. घड उतरला की टेकू शेतात पडू देऊ नका, सावलीत उंचावर रचा. कुजलेलं टोक दरवर्षी कापून टाका."

"सुपाला, टोपलीलाही हे औषध नको," बापूंनी बजावलं. "पिठामिठाशी गाठ. पट्ट्या उकळून घ्या, नाहीतर धुरी द्या."

परवान्याचा घोळ आबांच्या डोक्यात अजून होता, तो नानांनी दोन वाक्यांत काढला. २०१७ मध्ये भारतीय वन कायदा दुरुस्त होऊन वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. वनातला बांबू २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज आहे, तिथे सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेशी बोलायचं. "बांधावर लावा की आता, आबा."

पण आबा हिशेबात अडकले होते. पंचवीस किलो औषध एका गोठ्यासाठी परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बापूंचं उत्तर तयार होतं : तेच पाणी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चालतं. खेपेगणिक कमी झालेलं पाणी आणि औषध भरायचं, चौघांनी मिळून एकच चर करायचा.

"आणि शेवटी उरलेलं पाणी? केळीला सोडून देऊ, बोरॉनचं खत म्हणून," आबा म्हणाले.

नाना आणि बापू एकदमच बोलले, "अजिबात नको." केळीला बोरॉन लागतो तो चिमटीभर. पाच टक्क्यांचं पाणी बुंध्याशी गेलं तर पानांच्या कडा करपतील आणि ती जमीन पुढच्या पिकालाही जड जाईल. चरात राहू द्या, कागदावर ऊन पाणी उडवेल. तळाला उरलेले खडे गोळा करून डब्यात ठेवा, पुढच्या खेपेला तेच घाला. चराभोवती काट्याचं कुंपण घालायला विसरू नका, गुरं तोंड लावतात.