सात महिन्यांत गेलेल्या प्लांट हेडबद्दलच्या एक तारा रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी तक्रारी थोडक्यात लिहितो: बेळगावच्या तुमच्या फाउंड्रीसाठी (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी) प्लांट हेड, म्हणजे कारखानाप्रमुख, शोधायला आम्ही, म्हणजे माणसं शोधून देणाऱ्या आमच्या फर्मनं, पाच महिने लावले, पैसे आगाऊ घेतले, तीनच माणसं दाखवली, आलेला माणूस सातव्या महिन्यात पुण्याला परत गेला आणि ‘गॅरंटी सहा महिन्यांची होती’ म्हणून आम्ही हात वर केले. शिवाय त्याला तिकडे आम्हीच चिकटवला असावा, हा संशय.

यातली आमची चूक आधी सांगून टाकतो. करारासोबत आम्ही दीड पानाचं अधिकारपत्रक देतो. प्लांट हेडनं कुणाला न विचारता किती रकमेपर्यंत खरेदी करायची, सुपरवायझर ठेवायचा-काढायचा निर्णय कुणाचा, दिवसाचं उत्पादन कोण बदलू शकतं, हे त्यात लिहायचं आणि सगळ्या भागीदारांनी सह्या करायच्या, तेही ऑफर लेटर निघायच्या आधी. तुमच्याकडे ते कोरंच राहिलं. उमेदवार हातचा जाईल या घाईत ‘जॉइन झाल्यावर बघू’ म्हणून आम्ही ऑफर जाऊ दिली, ती अडवायला हवी होती. नव्वदाव्या दिवसाची भेटसुद्धा आम्ही फोनवर उरकली, आणि बोललो ते फक्त प्लांट हेडशी, तुमच्याशी नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र आमचं म्हणणं वेगळं आहे.

पाच महिन्यांतले तीन महिने नोटीस पिरियडचे होते. या हुद्द्यावर ९० दिवसांची नोटीस सर्रास असते. पैसे भरून ती कमी करता येते, पण जुनी कंपनी राजी असेल तरच. आणि चालू लाइन सोडून प्लांट हेडला लवकर सोडायला सहसा कुणी राजी नसतं. म्हणजे प्रत्यक्ष शोध आठ-नऊ आठवड्यांचा. त्यातले पहिले दोन आठवडे काम नेमकं काय आहे हे ठरवण्यात जातात: ओतायचं लोखंड ग्रे आयर्न की एसजी (ज्यात ग्राफाइट गोल कणांत असतं), महिन्याला किती टन, ग्राहक ट्रॅक्टरवाले की पंपवाले, मोल्डिंग (साचे बनवणं) हाताचं की लाइनवरचं. पुढचा महिनाभर कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव, पुण्याचं भोसरी-चाकण, कोइमतूर, राजकोट इथली साठ-सत्तर नावं चाळायची. त्यातले पंधराएक बोलायला तयार होतात, पाच-सहा जणांना आम्ही समोरासमोर बसवतो, आणि तुमच्यापुढे तीन येतात. ‘तीनच’ हा आमच्या कामाचा भाग आहे, आळस नव्हे. वीस बायोडाटे पाठवणं एका दुपारचं काम आहे, पण ते वाचायचं काम मग तुमच्या गळ्यात पडतं.

त्या सत्तरांतून पहिली चाळण पगाराची नसते, गावाची असते. बेळगाव पुण्याच्या पगाराशी बरोबरी करत नाही, हे आपण दोघेही जाणतो. इथे टिकायची शक्यता कुणाची जास्त? ज्याचे आईवडील खानापूर-निपाणीकडे आहेत, ज्याची सासुरवाडी गडहिंग्लज-चंदगडची आहे, ज्याला शॉप फ्लोअरवर कन्नड आणि मराठी दोन्ही बोलता येतं. हिंदीवर मीटिंग निभते, पण रात्रपाळीचा फर्नेसवाला हिंदीत मनातलं बोलत नाही.

घरचे प्रश्नही ऑफरच्या आधी सोडवावे लागतात, कारण नोटिशीच्या तीन महिन्यांत जुनी कंपनी पगार वाढवून थांबवायला बघते आणि तेव्हा घरातल्यांचं मत निर्णायक ठरतं. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळांत कन्नड शिकणं सक्तीचं आहे. मुलगी आठवीत असेल तर शाळेत जाऊन सवलतीचं विचारून यावं लागतं, ‘बघू की’ म्हणून चालत नाही. एमएच नंबरची गाडी बारा महिन्यांच्या वर इथे राहिली की फेरनोंदणी आली, रोड टॅक्स आला. बारीक वाटतं, पण अशा चार बारीक गोष्टी साठल्या की माणूस शुक्रवारी संध्याकाळी पुण्याची गाडी धरतो आणि एखाद्या सोमवारी परतत नाही. म्हणून उमेदवाराला सहकुटुंब शनिवार-रविवार बोलावून टिळकवाडी-हिंदवाडीत घरं दाखवायची असतात. ते आपण केलं होतं.

आगाऊ पैशांचं. दोन पद्धती आहेत. एकीत माणूस जॉइन झाल्यावरच पैसे. त्यात एजंट तोच बायोडाटा चार कंपन्यांत फिरवतो, जो आधी घेईल त्याचा. दुसरीत शुल्काचे तीन हप्ते: करारावेळी, यादी दिल्यावर, जॉइन झाल्यावर. समजा ठरावीक पगार वर्षाला ३६ लाख आणि शुल्क २५ टक्के, तर ९ लाख, म्हणजे तीन-तीन लाखांचे तीन हप्ते, वर १८ टक्के जीएसटी. आपला करार दुसऱ्या पद्धतीचा होता. आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून, शुल्क कशावर मोजलंय ते आधी बघा. पूर्ण सीटीसीवर (माणसामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चावर) मोजलं तर ग्रॅच्युइटी, पीएफ आणि न मिळणारा बोनस यांच्यावरही तुम्ही टक्केवारी भरता.

संशयाबद्दल: आम्ही आणलेला माणूस तुमच्याकडे आहे तोवर त्याला दुसरीकडे न्यायचं नाही आणि तुमच्या बाकीच्या माणसांना दोन वर्षं हात लावायचा नाही, हे करारात लिहिलेलं आहे. आम्ही ते मोडलेलं नाही. ‘दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही असा बाँड का घेतला नाही,’ असंही तुम्ही लिहिलंय. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ पाहा. नोकरी सोडल्यानंतरची असली अट कोर्टात उभी राहत नाही. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत गेल्यास परत, ही अट चालते. ती होती, आणि ती रक्कम तुम्हाला मिळालीही.

मग माणूस टिकतो कशानं? ते का गेले हे इथे लिहिणार नाही. त्यांनी विश्वासानं सांगितलंय. उद्यमबागपासून शिरोलीपर्यंत घरच्या मालकीच्या फाउंड्रीत जे घडतं ते मात्र सांगतो. सकाळचं वेळापत्रक ठरलेलं, एका पार्टचे साचे तयार. साडेनऊला ग्राहकाचा फोन येतो. मालक थेट लाइनवर जाऊन सुपरवायझरला सांगतात, ‘आधी तो ब्रॅकेट घे.’ पॅटर्न (साच्याचा नमुना) बदलायला घेतला, इकडे लॅडलमध्ये (वितळलेल्या धातूच्या भांड्यात) मॅग्नेशियम घालून झालेलं. एसजीचं लोखंड मॅग्नेशियम घातल्यावर दहाएक मिनिटांत ओतावं लागतं, नाहीतर परिणाम उतरतो आणि ग्राफाइट गोल बनत नाही. साचे तयार नाहीत, धातू थांबलेला. घाईत ओतला तर लॅबमध्ये नापास, नाही ओतला तर पिग करून (ठोकळे ओतून) परत वितळवायचा, म्हणजे वीज दोनदा. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये ते रिजेक्शन (नापास माल) प्लांट हेडच्या नावावर. स्क्रॅप आणि वाळूची खरेदी चुलतभावाच्या हातात असेल तर ब्लोहोलचा (ओतलेल्या भागात वायूमुळे राहणाऱ्या पोकळीचा) हिशेबही प्लांट हेडच्याच माथी. असे दोन-तीन महिने गेले की जुन्या सहकाऱ्याचा फोन पुरतो.

बोनसचंही तसंच. नफ्यावर बोनस ठेवायचा आणि ताळेबंद दाखवायचा नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवर ठेवा: वितळवलेल्या टनामागे चांगलं कास्टिंग किती, टनामागे विजेची युनिट किती, वेळेवर डिलिव्हरी किती. शिवाय रकमेचा एक भाग बारा महिन्यांनी आणि दुसरा चोवीस महिन्यांनी द्यायचा. खाजगी कंपनीत शेअर देणं अवघड असतं, पण नफ्यातला ठरावीक टक्का लेखी देता येतो.

आता पुढचं. करारानं गॅरंटी संपलेली आहे. तरी अधिकारपत्रकाची चूक आमची, म्हणून दुसरा शोध आम्ही शुल्क न घेता करू. प्रवासखर्च तेवढा पावत्यांप्रमाणे तुमचा. अटी दोन. अधिकारपत्रकावर सगळ्या भागीदारांच्या सह्या झाल्याशिवाय आम्ही एकाही उमेदवाराला फोन करणार नाही. आणि पहिले सहा महिने, दर महिन्याला एक तास, तुम्ही, प्लांट हेड आणि आमचा माणूस एकत्र बसणार, तेही कारखान्यात. या वेळी संदर्भही सहा जणांचे घेऊ: दोन जुने साहेब, दोन हाताखालचे, एक ग्राहकाकडचा क्वालिटीवाला, एक माल पुरवणारा. चालू कंपनीत मात्र विचारणार नाही, तिथे बातमी फुटली तर माणसाची आहे ती नोकरी जाते.

पटत असेल तर येत्या आठवड्यात कारखान्यातच भेटू. सहा महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर काढून ठेवा, आणि सुपरवायझरांना दिवसभरात कोण कोण थेट फोन करतं त्याची यादी. घरातल्यांची नावंसुद्धा त्यात घाला.